शरयू, पुढचं कलम मी वाचलं नव्हतं

शरयू, तुझ्या फ्युनरलला मी चार मिनिटं बोलले. स्लाऊच्या क्रिमेटोरियममध्ये आपल्याला अर्ध्या तासाचा स्लॉट होता. बाहेर पुढच्या अंत्यविधीची माणसं काळ्या कोटांत थांबलेली दिसत होती. तुझ्या नितीनने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मृणाल, थोडक्यात बोल, पण तूच बोल." मी तुझ्या हसण्याबद्दल बोलले. लायब्ररीतल्या मुलांबद्दल बोलले. तुझ्या भाकरी कशा कधीच गोल व्हायच्या नाहीत ते सांगितलं, तेव्हा लोक हसले आणि मग लगेच रडले. सगळं खरं होतं. पण जे सांगायला हवं होतं ते त्यात नव्हतं, आणि तू गेल्यावर ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आज तुला जाऊन नऊ आठवडे झाले. आता सांगते.

आपण भेटलो तेव्हा मला स्लाऊला येऊन तीन आठवडे झाले होते. नागपूरहून थेट ब्रिटनमध्ये, वर्क व्हिसावर, एका पंजाबी आंटींच्या घरातल्या वरच्या खोलीत. लायब्ररीत टेनन्सीचे कागद प्रिंट करायला आले आणि मशीनने एकच पान बावीस वेळा बाहेर काढलं. शेजारच्या टेबलावर तू लहान मुलांना चित्रं काढायला शिकवत होतीस. दर शनिवारी शिकवायचीस, हे मला नंतर कळलं. उठून आलीस, मशीन बंद केलंस, ते कागद गोळा केलेस आणि म्हणालीस, "नागपूर ना? मशीनला 'काऊन बे' म्हणणारी दुसरी कोण असणार!" मग माझं अ‍ॅग्रीमेंट उलटं करून मुलांना वाटून टाकलंस. त्या सकाळी स्लाऊच्या मुलांनी माझ्या घरभाड्याच्या अटींमागे हत्ती काढले.

त्याच दिवशी तू मला घरी जेवायला नेलंस. मी "शरयूताई" म्हणाले तर म्हणालीस, "ताईबिई नको गं. ताई म्हटलं की मला शहाण्यासारखं वागावं लागतं." तुझ्या माझ्यात अकरा वर्षांचं अंतर होतं, पण त्या दिवसापासून तू मला 'तू'च राहिलीस.

जेवण झाल्यावर तू शेळीचं पुस्तक काढलंस.

नितीनच्या नोकरीमुळे तुम्ही सहा वर्षं नैरोबीला होतात. तुमची ईशा तिथेच जन्मली. तुमच्या खालच्या मजल्यावर वांजिरू राहायची, शाळेत शिकवायची, आणि फावल्या वेळात किस्वाहिलीत मुलांसाठी गोष्टी लिहायची. एक शेळी आपल्या मालकिणीच्या मागे मागे रोज शाळेपर्यंत जाते आणि एक दिवस वर्गातच येऊन बसते, अशी ती गोष्ट. वांजिरूने ती एका छोट्या प्रकाशकाला दाखवली आणि त्याने चित्रं तुझ्याकडून करून घेतली. ठरलेलं मानधन वेळेवर दिलं, त्याबद्दल तुझी कधी तक्रार नव्हती. तुमच्या स्वयंपाकघरात वांजिरू वाक्य म्हणायची, तू रेघ मारायचीस. तुला किस्वाहिली धड येत नव्हती, तिला मराठी अजिबात नाही; इंग्रजीत भागायचं. शेळीचा डावा कान फाटका का, ते तू मला सांगितलंस. चित्र वाळत ठेवलं होतं आणि दोन वर्षांच्या ईशाने कागदाचा नेमका तो कोपरा टरकावला. तू रडायच्या बेतात होतीस. वांजिरू म्हणाली, "आता ती खरी शेळी झाली." मग पुस्तकभर तू तो कान फाटकाच काढलास.

"पण शेळी कोणाची मग? तिची की तुझी?" मी विचारलं होतं.

तू लगेच म्हणालीस, "शेळी वांजिरूची. कान माझा."

आणि मी, जेमतेम ओळख झालेली पाहुणी, तुझ्या टेबलाशी बसून तुला कायदा समजावू लागले. कल्पनेला कॉपीराइट नसतो. शाळेत जाणारी शेळी कोणालाही सुचू शकते. वांजिरूने ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द कायदा सांभाळतो, आणि तू जशी काढलीस ते चित्र. कुठे नोंदवायलाही लागत नाही, कागदावर उतरलं की झालं. इथेही तसंच, केनियातही तसंच. तू हनुवटीखाली हात घेऊन ऐकलंस आणि म्हणालीस, "अरे वा, वकीलसाहेब!"

ते नाव मला चिकटलं. मी वकील नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी लायसन्सचे करार तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पण तू इतक्या प्रेमाने वकीलसाहेब म्हणायचीस की हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

तुझ्याकडून मला काय काय मिळालं ते इथे लिहीत बसले तर मुख्य गोष्ट पुन्हा राहील. एकच लिहिते. माझे बाबा गेले तेव्हा माझा व्हिसा वाढवण्याचा अर्ज चालू होता. देश सोडला तर अर्ज रद्द झाला असता. तू सकाळी सातला आलीस. "जा" म्हणाली नाहीस, "जाऊ नकोस" म्हणाली नाहीस, "बाबांना समजलं असतं" असलंही काही म्हणाली नाहीस. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलास, म्हणजे मला नागपूरचं घर नीट दिसेल, आणि माझ्या शेजारी बसून राहिलीस. नेटवर्क गेलं की उठून वायफाय बंद-चालू करायचीस आणि परत येऊन बसायचीस. दहा तास. त्या दहा तासांत तू मला एकही सल्ला दिला नाहीस.

मी मात्र तुला फक्त सल्लेच दिले.

गेल्याच्या आधीच्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तुझ्या नैरोबीच्या दुसऱ्या एका जुन्या शेजारणीने तुला फोटो पाठवला. त्या छोट्या प्रकाशकाचं सगळं काम एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने घेतलं होतं आणि शेळीचं पुस्तक नव्याने निघालं होतं. शाळांसाठी. भिंतीवर लावायचं पोस्टरही होतं. शेळी तुझीच, कान तुझाच, फक्त कोणीतरी तिला भडक निळी केली होती. मुखपृष्ठावर वांजिरूचं नाव. तुझं नाव पहिल्या आवृत्तीत तिच्या नावाखाली होतं. आता मुखपृष्ठावर नाही, आत नाही, मागेही नाही.

तू फोन घेऊन माझ्याकडे आलीस. "बघ ना," म्हणालीस, "मी कुठेच नाहीये."

"त्यांनी तुझ्याशी लेखी करार केला होता?"

"नाही गं. तोंडीच सगळं. चित्रं कर म्हणाले, मी केली."

"मग झालंच! कॉपीराइट तुझा आहे. लिहून दिल्याशिवाय तो त्यांच्याकडे जातच नाही. त्यांना हे पुस्तक छापायचाच अधिकार नाही."

तू म्हणालीस, "मला छापायला काही अडचण नाही मृणाल. मुलं वाचतायत, चांगलंच आहे. फक्त माझं नाव घालायला सांगू या."

"नाव तर घालतीलच," मी म्हणाले. "आधी मालकी सिद्ध करू."

हे तुझं वाक्य आणि हे माझं वाक्य. दोन्ही मला जसंच्या तसं आठवतं. आपलं सगळं नुकसान या दोन वाक्यांच्या मध्ये झालं.

पत्र तुझ्या नावाने गेलं, शब्द माझे होते. तीन पानं. पुस्तक ताबडतोब मागे घ्या, पोस्टरं काढा, आजवर किती छापलं ते कळवा. एका परिच्छेदात मी लिहिलं होतं की लेखिका आणि प्रकाशक या दोघांनीही चित्रकर्तीच्या परवानगीशिवाय तिच्या चित्रांचा वापर केला आहे. एक प्रत वांजिरूला. तू तेवढ्यावरच बोट ठेवलंस. "हिला कशाला? हिने काय केलंय?" मी म्हणाले, पुस्तकावर तिचं नाव आहे, तिला वगळलं तर पत्र अर्धवट दिसेल. तू आणखी थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिलीस, मग सही केलीस. वकीलसाहेबांवर तुझा विश्वास होता.

चौथ्या दिवशी वांजिरूचा व्हॉइस मेसेज आला. तू तो मला माझ्याच सोफ्यावर बसून ऐकवलास. ती ओरडली नव्हती. सावकाश म्हणाली होती, "शरयू, परवानगीशिवाय म्हणजे काय? मी? मला फोन कर. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तू फोन लावायलाच निघाली होतीस. मी तुझा हात धरला.

"आत्ता नाही. प्रकरण चालू असताना समोरच्या बाजूशी थेट बोलायचं नसतं. तू भावनेच्या भरात काहीतरी बोलशील आणि ते उद्या त्यांच्या वकिलाच्या कागदावर येईल."

"वांजिरू समोरची बाजू कधी झाली?"

"कागदावर आहे," मी म्हणाले.

तू फोन पर्समध्ये ठेवलास. तिने नंतर दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग तिने करणं सोडलं.

उत्तर यायला दीड महिना लागला. प्रकाशकाच्या वकिलाचं, नैरोबीहून, अतिशय सभ्य भाषेत. मी ते ऑफिसच्या कार पार्कमध्ये, गाडीत बसून वाचलं. त्यात त्यांनी केनियाच्या कॉपीराइट कायद्यातलं एक कलम उतरवून दिलं होतं. एखाद्याला काम सांगून चित्रं करून घेतली असतील आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट काम करून घेणाऱ्याकडे गेला असं तिथे धरतात. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं आहे. इथे तो चित्रकाराकडेच राहतो. मी इथला नियम डोक्यात धरून तिथल्या माणसांना जाब विचारला होता. कोणत्या देशाचा कायदा लागतो हे कराराच्या पहिल्या पानावर बघायचं, हे मी आमच्याकडच्या नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

मग तुला फोन केला आणि म्हणाले, "अजून संपलेलं नाही. आपण दुसऱ्या बाजूने जाऊ."

पुढच्या रविवारी ब्लॅक पार्कच्या तळ्याभोवती आपण चालत होतो. थंडी कडाक्याची होती. मी तुला ती दुसरी बाजू समजावत होते आणि तू मध्येच थांबलीस.

"मृणाल, मी तुला पहिल्या दिवशी काय म्हणाले होते?"

"काय?"

"नाव. फक्त नाव. तू ऐकलंच नाहीस."

"मी हे सगळं कोणासाठी केलं? तुझ्यासाठीच ना?"

"नाही," तू म्हणालीस, "तुला जिंकायचं होतं. त्यात माझी मैत्रीण गेली."

मी म्हणाले, मैत्रीण असती तर तिने तुझं नाव गाळू दिलं नसतं. हे मी म्हणाले, शरयू. तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि तरी मागे घेतलं नाही. आपण वेगवेगळ्या वाटांनी गाड्यांपर्यंत गेलो.

मार्चमध्ये होळीला तू दारात उभी राहिलीस, हातात पुरणपोळ्यांचा डबा. "कडेला जरा करपल्यात," म्हणालीस. मी डबा घेतला, चहा ठेवला. पत्राचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष चांगलं गेलं. आपण ईशाला ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत सोडायला एकत्र गेलो, तिच्या खोलीत पडदे लावले, परत येताना ट्रेनमध्ये तू खिडकीला डोकं टेकून रडलीस आणि मग माझं सँडविचही खाल्लंस. मला वाटलं, ते प्रकरण मिटलं. त्या वर्षात मी एकदा जरी म्हणाले असते, "चुकलं माझं, तू वांजिरूला फोन कर," तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हटलं नाही. आपलं पुन्हा जमलं होतं आणि मला ते बिघडवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला ते पत्र पुन्हा डोळ्यांसमोर यायला नको होतं.

फेब्रुवारीत तुझ्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी मुदत महिन्यांत सांगितली आणि तू आठवड्यांत आटोपलंस.

हॉस्पिसमधली ती दुपार. नितीन ईशाला आणायला स्टेशनवर गेला होता. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं आणि तुला ते बरं वाटत होतं. तू म्हणालीस, "मृणाल, वांजिरूला लिहावंसं वाटतंय. तू टाइप करशील? मी सांगते."

माझा फोन माझ्या हातातच होता.

मी म्हणाले, "लिहू ना. जरा ताकद येऊ दे. मी आधी नीट मसुदा करते, म्हणजे त्यातून पुन्हा भलता अर्थ निघायला नको."

तू माझ्याकडे बघितलंस. "मसुदा," म्हणालीस, आणि किंचित हसलीस. मग डोळे मिटलेस. पाचव्या दिवशी तू गेलीस. मसुदा मी केला नव्हता.

तू गेल्यावर चौथ्या आठवड्यात ईशाने तुझं कपाट आवरायला मला बोलावलं. पहिली आवृत्ती सापडली, आणि वकिलाचं ते पत्रही. ईशाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने फोनवर नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ शोधून काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि विचारलं, "मृणालमावशी, यात आईची नाव कुठे आहे?"

तू असतीस तर म्हणाली असतीस, "माझी नाव बुडाली गं, माझं नाव विचार." मला हसूही आलं आणि तिथेच जमिनीवर बसून मी रडले.

त्या रविवारी मी केनियाचा कायदा उघडला. वकिलाने उतरवून दिलेलं कलम तेव्हा पडताळून पाहिलं होतं, तेवढंच. या वेळी पहिल्यापासून वाचत गेले. ते कलम आलं. आणि शरयू, त्याच्या लगेच पुढचं कलम तुझं होतं.

त्यात लिहिलंय की कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी, गेल्यानंतरसुद्धा, हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क ते काम करणाऱ्याकडेच राहतो. कामाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर हरकत घ्यायचाही. जिवंतपणी तो हक्क कोणाला देता येत नाही. माणूस गेल्यावर तो मृत्युपत्राने किंवा वारसाने पुढे जातो. त्यासाठी मालकी सिद्ध करावी लागत नाही, कोणाला चोर ठरवावं लागत नाही. तुला जे हवं होतं ते, तेवढंच, साध्या भाषेत तिथे होतं. वकिलाने मला ज्या पानापर्यंत आणून सोडलं होतं, त्याच्या पुढचं कलम मी वाचलं नाही, कारण माझ्या दृष्टीने मी तिथे हरले होते. हरल्यावर पुढे कशाला वाचायचं?

ईशाला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आईचा राइट आता माझ्याकडे आला?"

"तुझ्याकडे आणि बाबांकडे." तुझं मृत्युपत्र साधं होतं, सगळं त्या दोघांना.

"आणि कॉपीराइट? तो किती दिवस राहतो?"

मी सांगितलं की तो प्रकाशकाकडे गेला असला, तरी चित्रांची मुदत तुझ्यावरूनच मोजतात. ज्या वर्षी तू गेलीस त्या वर्षाच्या अखेरीपासून पुढे पन्नास वर्षं. ईशाने बोटांवर मोजलं. "तेव्हा मी सत्तरची असणार," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या निळ्या शेळीकडे बघत राहिली.

पत्र या वेळी ईशाने लिहिलं. मला तिने फक्त एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं. दोन परिच्छेद. ही चित्रं माझ्या आईची आहेत. ती एप्रिलमध्ये वारली. तिचं नाव पुस्तकावर परत यावं अशी आमची इच्छा आहे आणि तुमच्या देशाच्या कायद्याने आम्हाला ते मागता येतं. बाकी काही मागणं नाही.

वांजिरूला पत्र पाठवून भागणार नव्हतं. तिला मी फोन केला. एका शनिवारी सकाळी, नंबर बघून बघून. मी कोण ते सांगितलं. तू गेल्याचं सांगितलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कधी?" मी सांगितलं. "आजारी होती? किती दिवस?" तेही सांगितलं.

मग तिने सांगितलं ते तुला कधीच कळलं नाही, म्हणून इथे लिहिते. तुझं नाव गाळल्याचं तिलाही पुस्तक हातात आल्यावरच कळलं होतं. ती त्याच आठवड्यात प्रकाशकाकडे जाऊन भांडली होती. नव्या संपादकाने चूक कबूल केली होती आणि पुढच्या छपाईत नाव घालायचं ठरलं होतं. "मी तिला छापून आल्यावरच सांगणार होते," वांजिरू म्हणाली. "तिला पुस्तकच पाठवणार होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. मग वकील म्हणाले, वाद मिटेपर्यंत पुस्तकात काहीही बदलायचं नाही."

तुझं नाव येणारच होतं, शरयू. ते माझ्या पत्राने थांबवलं.

मी म्हणाले, "ते पत्र मी लिहिलं होतं. तिची फक्त सही होती. तुमचा मेसेज आला तेव्हा ती लगेच तुम्हाला फोन करत होती. मी करू दिला नाही. शेवटी हॉस्पिसमध्ये तिला तुम्हाला लिहायचं होतं. तेही माझ्यामुळे राहिलं."

"हे मला आता का सांगताय?"

"ती तुमच्यावर कधीच रागावली नव्हती, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून."

ती म्हणाली, "मी रागावले होते. दीड वर्ष. ती तिथे मरत होती आणि मी इथे तिच्यावर रागावलेली होते. आता त्याचं मी काय करू, सांगाल?"

मी माफी मागितली. तिने "ठीक आहे" म्हटलं नाही आणि मला ते बरोबरच वाटलं. फोन ठेवताना तिने एवढंच विचारलं, "ती लहान मुलगी कशी आहे? कान फाडणारी?"

गेल्या आठवड्यात प्रकाशकाचं उत्तर आलं. छोटंसंच. श्रद्धांजलीची एक ओळ, मग पुढच्या छपाईपासून मुखपृष्ठावर आणि आत नाव घालत असल्याचं, आणि नाव रोमन लिपीत नेमकं कसं लिहायचं ते कळवा, अशी विनंती. नितीनने ते तीनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मला म्हणाला, "तुझ्यामुळे झालं मृणाल. ती किती खूश झाली असती."

मला ते ऐकवेना. तुमच्या स्वयंपाकघरात त्या दोघांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. मालकीचं पत्र, मेसेज, तुझा धरलेला हात, हॉस्पिसमधली दुपार. काही गाळलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. नितीन उठून सिंकपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. ईशा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत हे सगळेच म्हणतात. मला त्या क्षणी ते फार जड गेलं.

"तू आईला बोलू नाही दिली," ती म्हणाली. तिच्या त्या मोडक्या मराठीत ते वाक्य मला जास्तच लागलं.

"नाही दिलं," मी म्हणाले.

तिने फोन हातात घेतला. मग म्हणाली, "मला तिचा नंबर दे."

मी दिला. ईशाने तिथेच, टेबलाशी बसूनच फोन लावला. "हॅलो, वांजिरू आंटी? मी ईशा. शरयूची ईशा," असं ती इंग्रजीत म्हणाली, आणि पलीकडून इतक्या मोठ्याने काहीतरी आलं की मला खुर्चीतून ऐकू गेलं.

मी उठून मागच्या दाराने बाहेर आले. तुझ्या बागेत गवत गुडघ्याएवढं वाढलंय. नितीनला सुचत नाहीये. मी कचऱ्याच्या बिनपाशी उभी राहिले. आत काय बोलणं चाललं होतं ते कळत नव्हतं आणि मला कळायला नकोच होतं. ते बोलणं तुझं होतं. दीड वर्षापूर्वी, माझ्या सोफ्यावरून, ते तू करायला निघाली होतीस.

अर्धा तास झाला असेल. आतून ईशा हसल्याचा आवाज आला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. थोड्या वेळाने पुन्हा.

मी आत गेले नाही. बोलणं संपेपर्यंत बाहेरच थांबले.